अक्कलकोट रोडचा टॉवेल, व्हाया भिवंडी

तुळसवृंदावन | सोमवार, सकाळी १०.१५

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते.

मुलगा पुण्यात असतो. मागच्या आठवड्यात फोनवर सहज म्हणाले, टॉवेल पार विरलेत, एकदा चाटी गल्लीत जाऊन यायला हवं. "आई, या उन्हात कशाला तडफडतेस?" म्हणत त्याने बोलता बोलता मागवूनही टाकला. चौथ्या दिवशी पार्सल दारात. खोका एवढा की मला वाटलं मिक्सर पाठवला. आत हवा भरलेल्या पिशव्या, त्यांच्याखाली आणखी एक पिशवी, त्यात टॉवेल, टॉवेलभोवती पुठ्ठ्याचा पट्टा. आणि पट्ट्यावर बारीक अक्षरांत काय, तर अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर!

मी जुळे सोलापुरात राहते. ट्रॅकिंग उघडून बघितलं, तर पार्सल निघालं भिवंडीहून, मग पुणे, मग सोलापूर. म्हणजे आमच्याच गावचा टॉवेल भिवंडीत मुक्काम करून माहेरी आला. मग मला चैन पडेना. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवलं. टॉवेल ४३० ग्रॅम, बाकीचा पसारा १९० ग्रॅम.

हाच टॉवेल मी दुकानात जाऊन आणला असता, तर पर्यावरणाचं नुकसान खरंच कमी झालं असतं का? की खोका डोळ्यांना दिसतो म्हणून आपल्याला अपराधी वाटतं आणि स्कूटरचा धूर दिसत नाही म्हणून वाटत नाही? कोणी हिशेब केलाय का?

शेंगाचटणी | १०.३१

माहेरी आलाय ना, मग खणानारळाने ओटी भरून परत पाठवा. रिटर्नला दहा दिवस असतील अजून. (ह. घ्या.)

गड्ड्यावरचा_पाळणा | १०.५८

यात हिशेब कसला करायचा? दुकानात जा, कापडी पिशवीत टाका, घरी या. विषय संपला. लोकांना बसल्या जागी सगळं पाहिजे. नवी पेठेत संध्याकाळी चक्कर मारा, निम्मे दुकानदार गल्ल्यावर बसून मोबाइल बघत असतात. गिऱ्हाईक आत येतं, कापड हाताने चाचपतं, लेबलचा फोटो काढतं आणि "बघून सांगतो" म्हणून निघून जातं. बाहेर पायरीवर उभं राहून तीच वस्तू मोबाइलवर मागवताना मी डोळ्याने पाहिलंय. आपल्या माणसांचं दुकान बंद पाडायचं आणि वर पर्यावरणावर धागे काढायचे!

तुळसवृंदावन | ११.०६

अहो पाळणा, मी मागवला नाही हो, मुलाने मागवला. आणि दुकान वाचवणं हा वेगळा प्रश्न झाला. मला धुराचं आणि कचऱ्याचं विचारायचंय.

आकडेमोड | दुपारी १२.४०

ताई, प्रश्न आवडला. जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडून बघितलं. ढोबळ आहे, चुका काढा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ च्या आसपास. स्कूटर लिटरला ४५ देते असं धरू. जुळे सोलापूर ते चाटी गल्ली जाऊन-येऊन १२ किलोमीटर. पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल, म्हणजे ६०० ग्रॅम.

आता ट्रक. सोलापूर ते भिवंडी चारशेच्या आसपास, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर. लिटरला ४ चं ॲव्हरेज, म्हणजे २०० लिटर डिझेल, ५४० किलो. गाडीत ३००० पार्सलं मावली असं धरलं, तर एका पार्सलच्या वाट्याला १८० ग्रॅम. डिलिव्हरीवाला दिवसाला ४० किलोमीटर फिरून ७० पार्सलं टाकत असेल, तर त्याचे ३० ग्रॅम. एकूण २१०.

म्हणजे तुमचा टॉवेल भिवंडीला जाऊन आला, तरी तुम्ही चाटी गल्लीत जाऊन आला असता त्याच्या एक तृतीयांश धुरात. १९० ग्रॅम पुठ्ठा-प्लास्टिक तयार करायला जे लागलं ते वर मिळवा. तरी फार तर बरोबरी होईल, ऑनलाइन फार पुढे जाणार नाही.

मलाच हे उत्तर पटायला वेळ लागला.

शेंगाचटणी | १२.४७

म्हणजे पर्यावरणासाठी आता बायकोला चाटी गल्लीत नेणं बंद. आकडेमोड साहेब, तुमच्या घरी नारळ पाठवतो.

बाळीवेशीतला | दुपारी १.१५

आकडेमोड, आकडे बरोबर असतील, पण एका टॉवेलसाठी स्कूटर काढून कोण जातं ओ? आमची आई गावात निघाली की सकाळपासून यादी चालू. आधी सिद्धेश्वराला जायचं, मग मधल्या मारुतीजवळ पूजेचं सामान, लक्ष्मी मार्केटमधून भाजी, पिको-फॉलला दिलेली साडी आणायची, जाता जाता मावशीकडे डबा टाकायचा, आणि "आलोच आहोत तर" म्हणून टॉवेल. सहा कामांत तुमचे ६०० ग्रॅम वाटून टाका. टॉवेलच्या वाट्याला शंभर. झाला की निम्मा!

आकडेमोड | १.२२

मान्य. ही माझी मोठी चूक. हिशेब वस्तूचा नसतो, फेरीचा असतो. पण मग उलट बाजूनेही तेच लावा. ज्याने एका खोक्यात पाच वस्तू मागवल्या त्याचे २१० पण पाचांत वाटले जातील.

पुण्यात_नाइलाजाने | दुपारी ३.५०

या विषयावर परदेशात बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा २००९ चा एक अभ्यास आहे. त्यांनी फ्लॅश ड्राइव्हसारखी छोटी वस्तू घेऊन तुलना केली आणि ऑनलाइनला साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी लागते असं निघालं. पण का कमी, ते बघण्यासारखं आहे. दुकानाच्या बाजूचा सगळ्यात मोठा खर्च होता तो गिऱ्हाईक स्वतःची चारचाकी घेऊन दुकानात जातं त्याचा. तिकडे दुकान म्हणजे गावाबाहेर मैदानाएवढं पार्किंग.

सोलापुरात हे जसंच्या तसं कसं लागू होईल? साखर पेठेतला माणूस चालत कन्ना चौकात जाऊन दोन टॉवेल आणतो. त्याची गाडी शून्य, खोका शून्य. त्याला ऑनलाइन हरवूच शकत नाही. पण होटगी रोडच्या बंगल्यातून एसी लावून एसयूव्हीत एकटाच नवी पेठेत येणारा, पार्किंगसाठी तीन चकरा मारणारा, तो मात्र अमेरिकेतलाच धरा.

उजनीचा_नळ | संध्याकाळी ५.०५

आमच्याकडे पाणी चार-चार दिवसांनी येतं. रात्री दोनला उठून बॅरल भरतो आम्ही. आणि इथं टॉवेलच्या धुराचे ग्रॅम मोजूलालेत. भरल्या पोटी सुचतंय बे सगळं.

आकडेमोड | ५.३०

नळभाऊ, रागावू नका, पण पाण्याचा विषय तुम्हीच काढलात. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने दहा हजार लिटर पाणी लागतं, कापूस पिकवण्यापासून रंगाईपर्यंत सगळं धरून. भारतात त्याहून जास्त. म्हणजे ताईंच्या ४३० ग्रॅमच्या टॉवेलात चार हजार लिटरच्या वर गेलं. हजार लिटरच्या चार टाक्या! तो भिवंडीहून आला काय किंवा चाटी गल्लीतून आला काय, त्या चार टाक्यांत थेंबाचा फरक नाही.

उजनीचा_नळ | ५.४१

चार टाक्या??? बायकोला दाखवतो हे. दर दिवाळीला अर्धा डझन आणते.

मागवाल_ते_विणू | रात्री ९.२०

उशिरा आलो. आमचा घरचा टॉवेलचा धंदा आहे, आजोबांपासून पूर्व भागात यंत्रमाग. चार वर्षांपासून ऑनलाइन विकतो. तर आतली बाजू सांगतो.

ताईंचा टॉवेल भिवंडीत कसा गेला? आम्ही दोन प्रकारे विकतो. एक, ऑर्डर आली की इथंच पॅक करून कुरिअरवाल्याच्या हवाली. दुसरं, शंभर-दोनशे नग गठ्ठ्याने त्यांच्या गोदामात ठेवायचे, तिथून ते पाठवतात. गोदामातून माल लवकर पोचतो म्हणून यादीत वर दिसतो. तुमचा दुसऱ्या प्रकारचा. खोकाही गोदामातलाच. आम्ही टॉवेलला कधी खोका वापरत नाही, साध्या कुरिअर बॅगेत कोंबतो. कारण भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात, तेवढे किलो धरतात. हवा पाठवली तर हवेचं भाडं आपल्या खिशातून.

पण आकडेमोड साहेबांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. परत येणारा माल. रोख पैसे देऊन घेणारे, म्हणजे सीओडीवाले, त्यांच्यातले कितीतरी जण दारात आल्यावर नको म्हणतात. "बायकोने रद्द करायला सांगितलं." "मी मागवलाच नाही." "पगार झाला नाही, पुढच्या आठवड्यात आणा." याला आमच्याकडे आरटीओ म्हणतात. गाडीचं आरटीओ नव्हे, आल्या पावली परत. माझ्या हिशेबात पाचातलं एक तरी येतंच. रेडिमेड कपडेवाले मित्र त्याहून जास्त सांगतात, मापाच्या भानगडी. गुवाहाटीला गेलेला टॉवेल गुवाहाटीहून परत, विक्री शून्य, डिझेल दुप्पट. एकदा तर वापरून, धुऊन, वाळवून, नीट घडी घालून परत आलेला टॉवेल आहे माझ्याकडे. साबणाचा वास येत होता. कारण काय लिहिलं होतं, "रंग आवडला नाही."

शेंगाचटणी | ९.२६

त्याचे धुण्याचे पैसे मागितले नाहीत हे नशीब माना.

पाठीवर_पोतं | रात्री ११.१०

मी हेच काम करतो, जुळे सोलापूर आणि विजापूर रोड. नाव सांगत नाही, कंपनी सांगत नाही. दिवसाला ६०-७० पार्सलं असतात, आकडा बरोबर धरलाय साहेबांनी. पेट्रोल आमच्या खिशातलं, त्यामुळे आमच्याएवढा हिशेब कोणीच करत नाही.

एका अपार्टमेंटमध्ये दहा पार्सलं असली तर गाडी एकदा स्टँडवर लावायची आणि पळायचं. तो दिवस सोन्याचा. पण आता लोक काय करतात, सोमवारी कानातलं, मंगळवारी चार्जरची वायर, बुधवारी केसांचा चाप. एकाच घरी तीन दिवस तीन चकरा. घरी कोणी नसलं, फोन उचलला नाही, तर चौथी. तळपत्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वरून आवाज येतो, "तिथंच ठेवा." ओटीपी कोण देणार?

एकदम मागवा की ओ. आमचंही पेट्रोल वाचेल.

तुळसवृंदावन | ११.२४

पोतं, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. परवा टॉवेल घेऊन आलेल्या मुलाला मी पाणी विचारलं नव्हतं, आता रुखरुख लागली.

पाठीवर_पोतं | ११.३०

असू द्या काकू. तुमच्या बिल्डिंगमधल्या आजी ताक देतात.

गड्ड्यावरचा_पाळणा | मंगळवार, सकाळी ८.४५

बघा, विकणारा रडतोय, पोचवणारा रडतोय. तरी मागवणारे मागवतातच. मी आजवर एक वस्तू ऑनलाइन घेतली नाही, अभिमानाने सांगतो. आणि ते "सोलापुरी चादर" म्हणून पानिपतचा माल खपवतात त्याचं काय? आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी राजरोस चालू आहे.

बाळीवेशीतला | ८.५३

पानिपतचं बरोबर आहे, पण तो माल दुकानातही मिळतो की. हायवेच्या कडेला "अस्सल सोलापुरी" पाटी लावून काय विकतात ते एकदा उलगडून बघा.

चौकडा | ९.०२

अस्सल ओळखायची खूण सांगा कोणीतरी. माझ्या लग्नातली चादर २२ वर्षं झाली, अजून...

संपादक | ९.४०

चादरीच्या अस्सलपणावर आधीच तीन धागे वाहते आहेत. इथे कृपया मूळ विषयावर लिहा. चादरीवरचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

मंगळवेढ्याची_ज्वारी | सकाळी ११.१५

सगळे शहरवाले बोलतायत म्हणून लिहिते. मी मंगळवेढ्यापासून आत एका खेड्यात राहते. मुलीला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हवं असलं तर पूर्वी एसटीने सोलापूर, अख्खा दिवस, दोघींचं तिकीट, दुकानात पुस्तक नसलं तर हात हलवत परत. आता तालुक्याला येतं, भाऊ दूध घालायला जातो तेव्हा घेऊन येतो. सासूबाईंची गुडघ्याची पट्टीही अशीच आली.

एसटी तशीही धावतेच, आम्ही बसलो काय न बसलो काय, म्हणून धुराच्या हिशेबात आम्ही जिंकलो की हरलो ते मला सांगता येणार नाही. पण "दुकानात जा, विषय संपला" असं म्हणायला दुकान जवळ असावं लागतं.

पुण्यात_नाइलाजाने | ११.४०

+१. आणि हरला तर नक्कीच नाहीत. दूध घालायला जाणाऱ्याने येताना आणलं यापेक्षा स्वस्त शेवटचा टप्पा कुठल्याच कंपनीला जमणार नाही.

विरजण | दुपारी १.०५

खोक्याबद्दल कोणी बोलतच नाही. पुठ्ठा काही वाया जात नाही हो. आमचा भंगारवाला किलोला आठ-दहा रुपये देतो, पुढे त्याचा परत पुठ्ठा होतो. माझ्याकडे माळ्यावर वर्षभराचे खोके घडी करून असतात, गणपतीच्या आराशीला निम्मे संपतात. त्रास आहे तो हवेच्या पिशव्या, बबलवाला कागद आणि चिकटपट्टीचा. भंगारवाला हातही लावत नाही. आमच्या बोळात रोज सकाळी कोणीतरी कोपऱ्यात हे सगळं पेटवतं आणि तो काळा धूर थेट आमच्या खिडकीत. आकडेमोड साहेब, तो धूर तुमच्या ग्रॅममध्ये धरलाय का?

आकडेमोड | १.३०

नाही धरला. आणि तो कार्बनच्या तागडीत मोजायचाही नाही, प्लास्टिक उघड्यावर जाळलं की निघणारं विष वेगळंच असतं. ही बाजू मी सोडूनच दिली होती.

कापडी_पिशवी | दुपारी २.१०

दुकानवाल्यांना सोवळं समजू नका. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली २३ मार्च २०१८ ला, जूनपासून दंड सुरू. लगेच नवी पेठेत सगळीकडे रंगीत "कापडी" पिशव्या आल्या. त्या कापडी नसतातच! पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच, न विणलेल्या. उन्हात दोरीवर महिनाभर ठेवा, हातात घेतल्यावर भुगा होतो. केंद्राने ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या) खालच्या बंद केल्या, तरी बाजारात बघा. साडीच्या दुकानात तर साडी प्लास्टिकमध्ये, ती खोक्यात, खोका पिशवीत. भिवंडीवाल्यांनी इथूनच शिकलं असेल.

आणि दुकानाची वीज? एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आपली वीज बहुतेक कोळशाची. फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या वीज केंद्राची चिमणी दिसतेच सगळ्यांना. बाहेर ४४ अंश असताना दार सताड उघडं ठेवून एसी लावणारे शोरूम मोजा. एका तासात तुमच्या टॉवेलचा भिवंडी प्रवास वसूल.

बाळीवेशीतला | २.२५

एसी शोरूम वेगळं आणि चाटी गल्ली वेगळी. तिथं एक पंखा आणि मालक स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले.

जुना_किराणा | संध्याकाळी ६.००

हसू येतं वाचून. आमच्या वडिलांचं दाजी पेठेत किराणा दुकान होतं. महिन्याची यादी चिठ्ठीवर यायची, पोऱ्या सायकलला पिशव्या अडकवून एका फेरीत सात घरं करायचा. पुडी वर्तमानपत्राची, दोरा परत रिळाला गुंडाळायचा, तेलाचा डबा गिऱ्हाइकाचा. न आवडलेली डाळ दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवर परत. घरपोच, सीओडी, रिटर्न, सगळं होतं की. फक्त ॲप नव्हतं, खतावणी होती. उधारी मात्र अजून येणं आहे.

शेंगाचटणी | ६.०४

काका, त्या उधारीतलं एक नाव आमच्या आजोबांचं असेल, विषय बदला.

आकडेमोड | ६.२०

खरं तर जुना_किराणा यांची सायकल हेच ताईंच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर आहे. माल गावातला, फेरी एक, घरं सात. आता "आजच्या आज" आणि "दहा मिनिटांत" सुरू झालं की फेरीत सात घरं जमतच नाहीत, एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी एक गाडी धावते. माझं २१० चं गणित ट्रक भरलेला आणि पोत्यात सत्तर पार्सलं असतील तोवरच खरं. घाई झाली की कोसळलं.

तुळसवृंदावन | शुक्रवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. धागा थंडावला होता, पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक टॉवेल पुरणार नव्हताच. आज दवाखान्याचं काम होतं, यादी केली (बाळीवेशीतला, तुमच्या आईंची आठवण काढली), घरची कापडी पिशवी घेतली आणि बसने गेले. पिशवी खरंच कापडी आहे, जुन्या परकराची.

चाटी गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात बसले. मालकांनी चार प्रकार टाकले समोर. मी पट्टा उलटून बघितला, अक्कलकोट रोड एमआयडीसी. तोच टॉवेल, वीस रुपयांनी महाग. म्हटलं, असू दे, भिवंडीचं भाडं नाही म्हणून समाधान.

तेवढ्यात मागच्या खोलीतून चर्रर्र चर्रर्र आवाज. पडदा बाजूला केला तर मालकांचा मुलगा जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात कुरिअर बॅगांचा ढीग, तोंडाने चिकटपट्टी तोडतोय. म्हणाला, "काकू, दुकानापेक्षा आता इथूनच जास्त जातं." मी सहज वरच्या पार्सलकडे बघितलं. दोन टॉवेल, हिरवा चौकडा. पत्ता आमच्या मागच्या गल्लीचा! नाव वाचलं नाही, खरंच.

म्हटलं, "अरे, मी तिकडेच चाललेय, दे की, पोचवते." तर हसायला लागला. "नाही चालत काकू. स्कॅन व्हायला लागतं. संध्याकाळी गाडी येणार, रात्री पुण्याला जाणार, तिथं छाटणी होऊन परवा परत सोलापूर."

मी माझे दोन टॉवेल परकराच्या पिशवीत घालून बसस्टॉपवर आले. ते हिरवे मात्र तिथंच राहिले.

मागवाल_ते_विणू | ८.४१

बरोबर सांगितलं त्याने. एकदा मी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्याला हाताने नेऊन दिला, तर ॲपवर "पार्सल हरवले" दाखवून माझ्याकडूनच पैसे कापले.

पाठीवर_पोतं | ८.५५

परवा येईल माझ्याच पोत्यात. मागची गल्ली माझीच.

गड्ड्यावरचा_पाळणा | ९.३०

तुळसताई, हिरवा चौकडा, दोन नग? बायकोने मागवलेत. आत्ताच बघितलं, टेंभुर्णीच्या पुढे गेलेत म्हणे.